थायमसमधला दुसरा इशारा

"पत्रकवाले, काचेला नाक लावू नका," ताई म्हणाली. मी आमच्या संघटनेची पत्रकं लिहितो, म्हणून ती मला असं चिडवते. तिच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली थायमसचा काप होता. छातीच्या हाडामागच्या या ग्रंथीत रोगांशी लढणाऱ्या पेशी घडतात. आधी त्यांना आपल्याच शरीराचे तुकडे दाखवले जातात. त्या तुकड्यांना जी पेशी घट्ट चिकटते, ती पुढे घरच्यांवरच धावून जाणार.

"मग तिला मारतात?" मी विचारलं.

"बहुतेकींना. पण चिकटताना शेजारची पेशी आणखी एक इशारा देते. त्याच इशाऱ्याने काहीजणी राखणदार होतात, बाकीच्यांना आवरतात."

निळे ठिपके सगळे सारखेच दिसत होते. कोणती मरणार होती, कोणती राखणदार होणार होती, हे नुसतं बघून सांगता येत नव्हतं. पेशींवरून माणसांचे नियम काढू नयेत, असं मी मानतो. तरी मला नलिनी आठवली. आमच्या पत्रकातले आकडे चुकीचे आहेत, असं ती आमच्याच सभेत उभी राहून बोलली होती. आज संध्याकाळच्या बैठकीत तिला संघटनेतून काढायचं होतं. ठराव मीच लिहिला होता.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "हं, वाच रे ठराव."

मी म्हटलं, "आधी आकडे तपासू. नलिनीलाच बोलवा."