मामांचा निळा शोध

प्रयोगशाळेत मामांचं काम म्हणाल तर एवढंच: प्लास्टिकचा पाक करायचा, त्यात चिमटीभर रंग विरघळवायचा आणि गरगर फिरणाऱ्या काचेवर थेंब सोडायचा. कांद्याच्या पापुद्र्यानं लाजावं असा पातळ थर काचेवर बसायचा. अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा लावला की तो हिरवा नाहीतर केशरी उजळायचा. तीस वर्षांत मामांच्या काचेवर कधी डाग दिसला असेल तर शपथ. कुणी विचारलं की मिशीत हसत म्हणायचे, "हाताचा गुण आहे."

गुण कसला! प्रयोगशाळेतल्या पुसायच्या कागदाचा भुसा काचेवर राहतो, म्हणून थेंब सोडण्याआधी मामा घरच्या रुमालाला स्पिरिट लावून गुपचूप शेवटचा हात मारायचे.

निवृत्तीला महिना उरला आणि आक्रीत झालं. रंगच न घातलेला थर दिव्याखाली निळाशार उजळला. एकदा नाही, पाच वेळा! प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम खुर्चीतून उठल्याच. "मामा, नुसतं प्लास्टिक उजेड देतंय! शोधनिबंधात माझ्या शेजारी तुमचं नाव छापणार."

छापील नाव! मामांच्या बायकोनं अख्ख्या गल्लीला सांगितलं. स्वतःच्या भावाला तर दोनदा, कारण तो मामांना 'बाटल्या धुणारा' म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सहावी काच दिव्याखाली धरली आणि मामांना शिंक आली. खिशातून रुमाल काढला, तर रुमालही निळाशार! शिंक जागच्या जागी विरली.

घरी पोचताच त्यांनी विचारलं, "अगं, साबण बदललास का?"

"कधीच! पांढऱ्याला चमक आणणारी पावडर आणलीय. महिन्यानं दिसलं होय तुम्हाला?"

जेवता जेवता मामांनी हिशेब जुळवला: उजळत होती ती रुमालातली पावडर, प्लास्टिक नव्हे. गप्प बसलं तर नाव छापून येतंय. पण उद्या कुणी कोरी काच घेऊन हाच प्रयोग केला, तर चारचौघांत मॅडमचं हसं.

सकाळी त्यांनी दोन काचा पुढे ठेवल्या. "मॅडम, ही रुमालानं पुसलेली, ही बिनरुमालाची."

दिवा लागला. एक निळी, दुसरी काळीठिक्कर.

मॅडमनी रुमाल मागून घेतला आणि दिव्याखाली धरला. "तीस वर्षं हेच?"

"हेच. पण रोज स्वच्छ धुतलेला असायचा हो!"

"तेच तर नडलं, मामा!" म्हणताना मॅडमना हसू आवरेना.

निबंध बारगळला. पण निरोपाच्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारावर नवी छापील पाटी होती: 'काच घरच्या रुमालाने पुसू नये.' खाली, 'शोध:' आणि ठळक अक्षरांत मामांचं पूर्ण नाव.

मामांचे डोळे भरून आले. बायकोनं मात्र पाटी दोनदा वाचली.

"अहो, पावडर मी आणली. माझं नाव कुठंय?"