वज्रेश्वरीच्या वाटेवरचं कमळांचं तळं

"भिवंडीला येतेस? ब्लॉगसाठी एक तळं दाखवते," असं ताईने विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. ताई कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अंबाडीच्या अलीकडच्या एका गावात हिराबाईंचं तळं आहे. तिथली कमळं त्या वज्रेश्वरीच्या देवळाबाहेर विकतात. शेजारच्या ट्रक गॅरेजमधलं तेल तळ्यात उतरायचं, म्हणून ताईने महिन्यापूर्वी प्रयोगशाळेत तयार केलेलं एक द्रावण त्यात सोडलं होतं. आम्ही त्याचा परिणाम बघायला निघालो होतो.

कल्याणहून एसटीने भिवंडी, तिथून वज्रेश्वरीची गाडी. भिवंडी स्टँडबाहेर वडापाव आणि चहा घ्या, पुढे धड काही मिळत नाही. रस्ता खड्ड्यांचा, खिडकीपेक्षा मधली जागा बरी. शेजारी एक यंत्रमागवाले चाचा बसले होते. ताईच्या द्रावणाबद्दल त्यांना मीच उत्साहाने सांगितलं, "साबणासारखंच असतं, पण जिवाणू बनवतात. तेल सुटतं आणि कशाला धक्का लागत नाही."

"अच्छा है," ते म्हणाले. "हमारे नाले में भी डालो."

तळं दिसलं तशी मी मोठ्याने म्हणाले, "ताई, पाणी बघ किती स्वच्छ!" खरंच, तेलाचा तवंग कुठेच नव्हता. ताई मात्र पानांकडे बघत होती. कमळाची पानं पाण्यावर उताणी नव्हती, कडांनी काळी पडून अर्धी बुडाली होती. तिने एका पानावर ओंजळभर पाणी सोडलं. थेंब घरंगळले नाहीत, पसरले आणि पान भिजून गेलं.

हिराबाई घरातून आल्या. "साफ झालं हाय पाणी," त्या म्हणाल्या. "फुलं तेवढी न्हाय आली. या, आधी जेवून घ्या."

तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, वालाची उसळ. आमच्यासाठी मुद्दाम केलेलं. नवरात्र तोंडावर आलं होतं, त्यांचा सगळा धंदा त्याच दिवसांतला, आणि त्या मला आणखी एक भाकरी वाढत होत्या. माझ्या तोंडातून निघून गेलं, "तेलानेच झालं असेल ना?"

"नाही," ताई म्हणाली. "तेल वर्षभर होतं, तेव्हा कमळं होती." मग ती हिराबाईंकडे वळली. "पानांवर मेणाचा थर असतो, तो माझ्या औषधाने गेला. मी माशांवर तपासलं होतं, पानांवर नाही. चूक माझी आहे."

हिराबाईंनी विचारलं, "कंद जिता हाय काय?"

आम्ही दोघी चिखलात उतरलो. ताईने कंद चाचपले, बहुतेक घट्ट होते. संध्याकाळपर्यंत सडकी पानं ओढून काढली, काही कंद विहिरीच्या पाण्याच्या पिंपांत लावले. निघताना हिराबाईंनी हातात काकड्या ठेवल्या. त्या घेताना मला त्यांच्याकडे वर बघता आलं नाही.

वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडं राहूनच गेली. त्यासाठी जायचं असेल तर वाट सोपी आहे, वर लिहिलीच आहे. त्या नवरात्रात हिराबाईंनी दुसऱ्याकडून फुलं आणून विकली. ताई सुट्टी मिळाली की जात राहिली. दिवाळीनंतर हिराबाईंचा फोन आला, पहिलं नवं पान वर आलं होतं. त्यांनी आम्हा दोघींना बोलावलं. ताई लगेच निघाली. मी म्हटलं, मला काम आहे. काम काहीच नव्हतं.