कोणती बस?

दिल्लीजवळच्या मानेसरमध्ये एका कारखान्यात मी कॉम्प्युटर विभागात काम करते. कामगारांना आणायला कंपनीच्या बस आहेत. कोण कोणत्या बसने येतं हे बघायला मी एक साधा प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक बसची एक यादी, आणि बसचं नाव हीच त्या यादीची किल्ली. 'द्वारका' टाइप केलं की दिल्लीच्या द्वारका भागातून येणाऱ्या बसमधली नावं समोर यायची. भलतंच काही टाइप केलं तर 'अशी यादी नाही' असं उत्तर मिळायचं. वाहतूक विभागाचं त्यावर व्यवस्थित चाललं होतं.

थंडीतल्या एका सकाळी दाट धुक्यात द्वारकेची बस हायवेवर उभ्या असलेल्या ट्रकवर आदळली. वाहतूक विभागातले सगळे तिकडे धावले, आणि घरच्यांचे फोन घ्यायला मला बसवलं. बहुतेक जण बसचं नाव सांगत, मी टाइप करी. मग एका बाईंचा फोन आला.

"मेरे मिस्टर आपके यहाँ सिक्युरिटी में हैं. फोन नहीं उठा रहे."

"कौनसी बस से आते हैं?"

"वो मेरेको नहीं मालूम. सफेद बस है."

आमच्या सगळ्याच बस पांढऱ्या. त्यांच्या बोलण्यावरून मी विचारलं, "तुम्ही मराठी का?"

"हो. आम्ही साताऱ्याकडचे. हे फौजेत होते, रिटायर झाल्यावर इथंच नोकरी धरली. पालमला राहतो."

पालमवरून आमच्या बऱ्याच बस येतात. प्रोग्रामला बसचं नाव हवं होतं आणि त्यांच्याकडे होतं फक्त नवऱ्याचं. मी एकेका बसचं नाव टाइप करून यादी वरपासून खालपर्यंत वाचू लागले. त्या फोनवर थांबून होत्या. मागे लहान मुलीचा आवाज येत होता. 'द्वारका' मी मुद्दाम शेवटी ठेवलं. आधीच्या एखाद्या यादीत त्यांच्या नवऱ्याचं नाव निघावं असं फार वाटत होतं.

निघालं नाही.

"ताई, सापडलं का?"

"हो. द्वारकेच्या बसमध्ये आहे."

"तीच का ती?"

"तीच. पण यादीत नाव आहे म्हणजे आज ते बसलेच असतील असं नाही."

"बसले असतील," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते कधी खाडा करत नाहीत."

मी हॉस्पिटलचा पत्ता सांगितला आणि ऑफिसची गाडी त्यांच्याकडे पाठवली. त्या पोचायच्या आधीच ते गेले होते.

दुपारी फोन थांबल्यावर मी प्रोग्राममध्ये माणसाच्या नावावरून बस शोधायची सोय केली. हातासरशी झालं. झाल्यावर प्रोग्राम बंद केला.

दुसऱ्या दिवशी कंपनीतर्फे मी विमानतळाच्या कार्गो विभागात गेले, तिथे त्या बाईंना पहिल्यांदा पाहिलं. पुण्यापर्यंत शवपेटी विमानाने जायची होती, पुढे गावाला गाडीने. त्या कागदांवर सह्या करत होत्या. मीच ती फोनवरची, असं मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरला.

मुलगी शाळेच्या स्वेटरमध्येच होती. तिने आईला विचारलं, "मम्मी, हम वापस कब आएँगे?"

"आता नाही यायचं, बाळा," त्या म्हणाल्या.

मुलीला ते नीट कळलं नसावं. तिने तोच प्रश्न मला विचारला.