बदली माणूस आलाच नाही

आमचे बापूमामा यंदाच्या आषाढी अमावास्येला, भर दुपारी, कुवेतमध्ये अर्धवट भरलेल्या स्लॅबवर उन्हानं कोसळून मेले. कंपनीची तार मात्र आली ती 'बराकीत झोपेत हृदयक्रिया बंद' अशी. माती तिकडंच उरकली. माणूस मारलात तो मारलात, वर त्याला झोपवलंतही...

मामा पाटणकडचे. फौजेत इंजिनिअर पलटणीत हवालदार, उमेदीची सारी वर्षं पूल बांधण्यात गेली. ते निवृत्त झाल्यावर एका मुकादमानं, ऊसतोडीला जमवतात तशी, मामांसकट टोळी जमवली आणि आपल्याच देशातल्या एका बड्या कंपनीच्या कुवेतमधल्या कामावर नेली. आणीबाणी नुकतीच उठली होती. आम्ही चळवळीतली पोरं पत्रकं वाटत होतो आणि पेपरवाले सांगत होते, की आपल्या कंपन्यांनी इटालियनांना, कोरियनांना मागं टाकून आखातातली कामं पटकावली.

मागच्या सुट्टीत मामांनी माझं पत्रक शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "लेका, शिव्या लय घातल्यास, सिमेंट कमी पडलं." मग पेपरवाल्यांचं ते 'मागं टाकलं' म्हणजे कसं, ते त्यांनीच सांगितलं. शेजारी कोरियन कंपनीचं काम. दुपारचा भोंगा झाला की त्यांची माणसं खाली, तंबूत; स्लॅब चालू असेल तर ताजी टोळी वर. कोरियन काही देव नव्हेत, त्यांचेही मुकादम लाथा घालतात. पण बदली माणूस ठेवतात. आपल्या कंपनीनं दुसरी टोळी नेलीच नव्हती. निविदेत आपला दर कमी भरला तो तिथंच.

"मग तुमीबी उतरा की खाली," मी म्हणालो.

"आन् काँक्रीट? मधीच सोडलं तर सांधा ऱ्हातो, जलमभर गळतंय. बदली आल्याबिगर जागा सोडायची न्हाई रं. फौजंत हेच शिकलोय."

कंपनीला हे पक्कं ठाऊक आहे. उगाच नाही ती मुकादमाकरवी साताऱ्यात निवृत्त फौजी हेरत.

तारेनंतर काही आठवड्यांनी आटपाडीकडचा एक गडी सुट्टीवर आला. मामांच्याच टोळीतला. सातारा स्टँडवर चहा समोर ठेवून त्यानं सगळं सांगितलं. भोंगा झाला, कोरियन उतरले, मामांनी बाकीच्यांना सावलीला पाठवलं आणि स्वतः फावडं घेऊन थांबले... चहा तसाच राहिला. उठताना म्हणाला, "माजं नाव घालू नगा. दिवाळीनंतर परत जायचंय." आटपाडीच्या कोरड्या माळावर त्याला मी काय देणार होतो, की थांब म्हणू?

कंपनी म्हणते, तो मुकादमाचा माणूस, आमचा नव्हे. मुकादम फोन उचलत नाही. फौजेच्या कचेरीत विचारलं, तर म्हणाले, फौजेतून सुटल्यावर आमचा संबंध काय? मी मामीला खरं ते सांगितलं. ती चूल सारवत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू सांगतुयास, पर तू बगितलं न्हाईस. ज्यानं बगितलंय त्यानं माज्या म्होरं बसून सांगावं, की माजा माणूस कामावर गेला. झोपंत न्हाई."

आजवर मी इतकं छापलं, त्यात एक ओळ तिच्या कामाची नाही.

त्या टोळीतली माणसं सध्या सातारा-सांगलीत सुट्टीवर आहेत. त्यांतला एखादा वाचणाऱ्या तुमच्यापैकी कुणाचा भाऊ असेल, कुणाचा जावई, आज तुमच्याच पंक्तीला जेवेल. मला त्याची सही नको, नावही नको. त्याला पाटणच्या एस्टीत बसवा आणि मामीपुढं नेऊन बोलतं करा.