आक्काच्या डोळ्यांवरचा गॉगल

मला प्रेक्षक लागतात. चहा करतानासुद्धा मी दाराकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे द्रव साबण करायला नांदेडहून उदगीरला थोरल्या बहिणीकडे निघालो, तेव्हा पिशवीत सामान होतं आणि डोक्यात भाषण.

आक्काची खानावळ आहे. भांडी घासायला बाई आहे, पण तिनं घासलेली भांडी आक्का पुन्हा घासते. पावडरीनं तिच्या बोटांना भेगा पडल्या. एकदा भाकरी थापताना पिठावर रक्ताचा ठिपका उमटला आणि त्या दिवसापासून तिनं थापणं सोडलं. भाकऱ्यांना दुसरी बाई आली. आक्का नुसती वाढायला उरली. तक्रार करायची नाही, पण परातीकडे बघायची. ते मला बघवेना. घरच्या साबणानं हात बरे होतात असं मी कुठंतरी वाचलं होतं, आणि वाचलेलं लगेच करून दाखवायची मला हौस.

परसात मी टेबल मांडलं. वजनकाटा, स्टीलची दोन पातेली, विजेची रवी, करडीचं आणि खोबऱ्याचं तेल, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळे गच्च झाकणारा गॉगल आणि तेलाचा साबण करणाऱ्या जहाल खाराचा, म्हणजे कॉस्टिक पोटॅशचा डबा. शेजारच्या काकू आपली खुर्ची घेऊनच आल्या.

"काय करायलास रे?" आक्का म्हणाली. "काटा कशाला? मी जन्मात मीठ मोजलं न्हाई."

"मीठ जास्त झालं तर पोरं ताट सारतील. हे जास्त झालं तर कातडी जाईल."

हे वाक्य मी फार झोकात टाकलं. त्यातला अर्थ मात्र माझ्याच कानात शिरला नव्हता. गॉगल घातला तर माझे डोळे कुणाला दिसणार? म्हणून मी तो आक्काला चढवला. हातमोजेही तिलाच. काकू हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बेताला आल्या.

"आगं, विमान चालवायला निघालीस का?"

"बस मागं, तुला माहूरला सोडते," आक्का म्हणाली. तीही हसत होती.

मी एका पातेल्यात पोटॅशचे पापुद्रे मोजून ठेवले. दुसऱ्यात पाणी मोजायचं, मग पापुद्रे हळूहळू पाण्यात सोडायचे, असा क्रम. पण आधी काकूंना थोडी पार्श्वभूमी सांगावी म्हणून मी वळलो. जुन्या काळी राखेतून खार कसा काढायचे, ते हातवारे करून सांगायला लागलो.

आमच्याकडे दिवाळीआधी चुना भिजवतात. पिंपात चुनखडे टाकायचे आणि वरून पाणी ओतायचं. आक्कानं हे लहानपणापासून केलेलं. पांढरे पापुद्रे कोरडेच पडलेले दिसले. भावाचं तोंड काही थांबत नव्हतं. मदत म्हणून तिनं तांब्यातलं पाणी त्यांच्यावर ओतलं.

पातेलं फुसफुसलं, मग कढ आल्यासारखं उसळलं. थेंब चौफेर उडाले. आक्का मागं सरली. माझा उघडा हात नेमका हवेत होता, कारण गोष्ट रंगात आली होती. आधी नुसतं ओलं वाटलं, मग आग आग झाली.

काकू लिंबू घेऊन धावल्या. "आंबटानं खार मरतो!"

"लिंबू ठेव तिकडं! पाणी, नुसतं पाणी!" आक्का ओरडली. तिला रसायनशास्त्र कुठलं ठाऊक? पण भाजल्यावर काय करायचं ते खानावळवालीला पाठ असतं. तिनं माझा हात नळाखाली धरला आणि वीस मिनिटं सोडला नाही. मी दोनदा म्हणालो, आता बरं आहे. दोनदा ती म्हणाली, गप.

तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. गॉगल अजून डोळ्यांवर होता. उजव्या काचेवर तीन ठिपके होते, बरोबर बुबुळासमोर. मी तो गॉगल तिला चढवला होता तो माझे डोळे दिसावेत म्हणून. नळाचं पाणी वाहत होतं आणि मी ते ठिपके पुन्हा पुन्हा मोजत होतो.

साबण आम्ही पुढच्या महिन्यात केला. गॉगल दोन. हातमोज्यांचे जोड दोन. पाणी आधी, पोटॅश नंतर, चिमूट चिमूट, आणि तोवर कुणी बोलायचं नाही, हा आक्काचा नियम. काकू दाराच्या आत. तेलाबरोबर शिजून त्याची घट्ट लापशी झाली. तिचा गोळा गरम पाण्यात स्वच्छ विरघळला, वर तेलाचा थेंब तरंगला नाही, तेव्हा आक्कानं मान डोलावली. पुढं ती लापशी पाण्यात सैल केली आणि बाटल्या भरल्या.

दोन-तीन महिन्यांनी गेलो तर आक्का पाटावर बसून भाकरी थापत होती. भेगा भरल्या होत्या. मी लगेच काकूंकडे वळून हात पसरले. बघा, माझा साबण!

"तुझा साबण चांगला हाय," आक्का परातीतून मान वर न करता म्हणाली. "पण हात बरे झाले ते मोज्यांनी. आता भांडी मोजे घालूनच घासते. लई आधी आणायचे होतेस."

मोरीजवळच्या खिळ्याला मोजे वाळत होते. शेजारी तो गॉगल. ठिपके पुसून जात नाहीत म्हणाली, आणि फेकू देत नाही. माझ्या ताटात तिनं भाकरी टाकली. कडेला जरा जळली होती. मी ती काकूंकडे पाठ करून खाल्ली.