लोणच्याच्या बरणीतला मासा
कितीही घासली तरी आमच्या एका बरणीचा कैरीच्या लोणच्याचा वास जात नाही, आणि तो आला की मला एक मासा आठवतो. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. घरातल्या अकरा माणसांना कंटाळून मी बायकोसह गंगापूर रोडला दोन खोल्यांत वेगळं राहायला निघालो, तेव्हा थोरला भाऊ म्हणाला, "तुला जमायचं नाही. आपल्या रक्तातच नाही ते." मी म्हणालो, "रक्त कसलं? नुसती सवय!" पैजेखातर त्याच्या काचेच्या टाकीतल्या, कायम थव्यानं फिरणाऱ्या पट्टेवाल्या माशांचं एक अंडं नेलं आणि त्यातलं पिल्लू चार महिने या बरणीत एकटं वाढवलं. दुसरा मासा त्यानं पाहिलाही नव्हता. मग एका रविवारी सगळ्यांदेखत त्याला टाकीत सोडलं. आता हा कोपरा धरणार, असं मी ऐटीत सांगतोय तोवर तो थव्यात शिरला आणि बाकीचे वळतील तसा वळू लागला. वहिनींनी विचारलं, "भावजी, तुमचीही ताटं वाढू ना?" चार महिने दोघंच एकमेकांशी बोलून आम्ही दमलो होतो. "वाढा," म्हणालो. दिवाळीआधी सामान परत आलं. आज सकाळीही न्हाणीघरापुढे माझा नंबर सातवा होता.