खेळातला मॅनेजर

खेळवाले काका राक्षसाचेसुद्धा म्हणणे ऐकून घेत. आम्ही त्याला मारण्याआधी ते विचारत, "त्याला काय पायजे, ते इचारलंत का?"

काका मोहोपाड्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. यंत्र बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरने जाताना त्यांना एका खेळाचे पुस्तक आणि वीस बाजूंचा फासा दिला होता. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे, काकांनी प्रसंग सांगायचा, आपण काय करणार ते आपण बोलायचे; जमले की नाही, ते फासा ठरवणार. शब्दकोश घेऊन काकांनी पुस्तक वाचले आणि त्यातला किल्ला आमच्या प्रबळगडाच्या जंगलात आणून ठेवला. रविवारी दुपारी त्यांच्या क्वार्टरमध्ये चटईवर आमचा डाव बसे.

खेळताना माणूस कळतो, असे ते म्हणत. क्रेनवरचे दगडूभाऊ आधी तलवार काढत. कँटीनच्या सुमनताई भुतालाही जेवलास का म्हणून विचारत. मी मात्र सगळ्यांच्या तोंडाकडे बघे. "तू खेळत नायस रं," काका म्हणाले, "तू मर्जी राखतोस."

मग कारखान्यात टाळेबंदी झाली. सहा महिन्यांनी निरोप आला: युनियन सोडल्याच्या हमीपत्रावर सही करा, नाहीतर नोकरी गेली. नोकरीबरोबर क्वार्टरही जाणार होते. काकांनी ठरवले, सहीशिवाय कामावर घ्या, असे मॅनेजरला भेटून समजावायचे. त्या भेटीची तालीम आम्ही खेळातच केली. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, इंग्रजी थोडे येई, म्हणून मॅनेजर मला केले. तीन रविवार, दर डावात मी दोनदा नकार देई आणि तिसऱ्यांदा म्हणे, "बसा, बघू या."

"हा मॅनेजर नाय, तुमचा भाचा वाटतो," दगडूभाऊ म्हणाले. "काका, सही करून मोकळं व्हा."

"तो पण माणूसच हाय," काका म्हणाले.

सहीच्या शेवटच्या दिवशी काका मॅनेजरकडे आत गेले. मॅनेजरने मान वर न करता विचारले, सही करणार का? काका नाही म्हणाले आणि कारण सांगू लागले. तोवर पुढच्याचे नाव पुकारले गेले होते. तिसरी वेळ आलीच नाही. दगडूभाऊंनी सही केली, त्यांना कामावर घेतले. काका संध्याकाळपर्यंत गेटबाहेर उभे होते, पुन्हा बोलावतील म्हणून.

महिन्याभरात त्यांचे सामान टेंपोत चढले. ते कशेळ्याला मेहुण्याकडे निघाले होते. मी कसेबसे म्हणालो, "काका, मी मॅनेजर नीट केला नाय."

ते दोरी आवळत होते. "तुला नाय म्हणता येत नाय, मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "म्हणून तर तुला केला रं. मला होच ऐकायचं होतं."

पुढच्या वर्षी कशेळ्याला गेलो, तेव्हा काका भाताच्या गिरणीत पोती शिवत होते. खेळाचा विषय काढला, तर त्यांनी सुई थांबवली नाही.

अभ्यासाला बसलो की कधीकधी मी ती तालीम मनात पुन्हा खेळतो. या वेळी पहिल्याच रविवारी काकांना हाकलून द्यायचे, म्हणजे ते सही करतील, असे ठरवून बसतो. काका आत येतात, चप्पल दाराशी काढतात. आणि मी म्हणतो, बसा.